चाकावरच्या घराचं अंदाजपत्रक

बायकोला समुद्र दाखवायचा म्हणून मी एक घर विकत घ्यायचं ठरवलं होतं. वाक्य पुन्हा वाचलंत तरी चालेल, छपाईची चूक नाही.

त्याचं असं आहे. आमच्या सौभाग्यवती, म्हणजे सुमन, बीडजवळच्या पालीच्या. बिंदुसरेचं धरण भरून वाहायला लागलं की गावाबरोबर ते बघायला जायचं, एवढाच तिचा मोठ्या पाण्याशी आलेला संबंध. समुद्र बघायची तिला भारी हौस. टीव्हीवर समुद्र दिसला की भाजी करपते. पण अडचण अशी, की हिला परक्या जागी झोप लागत नाही! लॉजवर नाही, भक्तनिवासात नाही, लग्नघरी नाही. पुण्याला पोटच्या मुलीकडे गेलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी पिशवी भरायला घेते.

"कावून गं? काय झालं?"

"काय न्हाई. झोप न्हाई लागली. चला आपल्या घरी."

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण घराबाहेर लागोपाठ दोन रात्री आम्ही काढल्याचं मला आठवत नाही. आणि समुद्र तर अंबाजोगाईहून सकाळी निघून संध्याकाळी परत यावं इतका जवळ सरकायला तयार नाही.

मी निवृत्त मास्तर. कॉलेजात पोरांना जमाखर्च शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर माणूस मोबाइल बघतो, तसा मीही बघत होतो. तर एक पांढरीशुभ्र गाडी दिसली. तिच्या पोटात पलंग, शेगडी, बेसिन, एवढंच काय संडाससुद्धा! मोटरहोम म्हणतात म्हणे तिला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाईला परक्या जागी झोप लागत नाही ना? मग जागा आपलीच घेऊन जायची! समुद्राच्या काठाला घर उभं करायचं, दार उघडायचं आणि म्हणायचं, "बघ."

नव्या गाडीची किंमत विचारली आणि फोन कानापासून हातभर लांब धरला. आकडा अंगावर उडाला असता. पण एका दलालानं जुनी गाडी बारा लाखांत मिळवून देतो म्हणून सांगितलं. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत होतेच. मी कोरा कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'अंदाजपत्रक'. खाली गाडी, विमा, डिझेल, गाद्या, गॅसची टाकी. मग 'चाचणी', म्हणजे विकत घेण्याआधी तशीच एक गाडी एक दिवस भाड्यानं आणून हिला दुपारची तरी झोप लागते का ते बघणं. (बारा लाखांची वस्तू न बघता घेईल तो मास्तर कसला!) आणि सर्वांत शेवटी 'किरकोळ: पाच हजार'. पोरांना मी जन्मभर सांगत आलो, की अंदाजपत्रकात किरकोळ खर्चाचा रकाना सोडू नका. तो किती रुंद ठेवायचा, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

अंदाजपत्रक मंजूर करायला घरची बैठक बोलावली. बैठक म्हणजे आम्ही दोघं, घाटनांदूरहून माझी गयाआत्या आणि पालीहून सुमनचा धाकटा भाऊ रामकिसन. आत्यानं मान हलवल्याशिवाय आमच्याकडे पंखासुद्धा विकत घेत नाहीत. रामकिसनचा शेळ्या-मेंढ्यांचा धंदा. तो माझा मेव्हणा असल्यानं त्याला न सांगता मी काही केलं असतं तर पुढची पाच वर्षं टोमणे खावे लागले असते. सांगून जे झालं, त्यापेक्षा टोमणे स्वस्त पडले असते!

मी कागद वाचून दाखवला. आत्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "देवघर कुठंय?"

"आत्या, गाडी हाय ती."

"घर म्हनतूस ना? मग देव काय टपावर बसवतूस?"

देवघर धरलं.

"आन चूल आग्नेयेला पायजे."

"आगं आत्या, गाडी वळली की आग्नेय फिरती!"

"मग वळवू नको."

एकदा वाटलं सांगावं, की अंबाजोगाईपासून समुद्रापर्यंत सरळ रेघेत रस्ता नाही. पण आत्याच्या तोंडाकडे बघून रस्ताच सरळ करून घेणं सोपं वाटलं.

रामकिसन एवढा वेळ कागद उलटा धरून बघत होता. म्हणाला, "दाजी, रागाला येऊ नका, पन एक इचारू? आपल्याकडचे लोक ऊसतोडीला जातेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, चूल, लेकरं, कोंबड्या, समदं घर घालून जातेत का न्हाई? मग तुमी बारा लाख घालून येगळं काय करायलाव?"

"आरे, त्यात संडास नसतो!"

"म्हंजे बारा लाखाचा संडासच घ्यायलाव की तुमी!"

आत्या पदर तोंडाला लावून हसली. सुमन मात्र हसली नाही. तिनं कागद रामकिसनच्या हातातून काढून सुलटा केला, 'गाद्या' या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "ओ, खरंच झोप लागंल का हो मला?" त्या प्रश्नानं माझं काळीज असं काही विरघळलं, की देवघरासकट सगळं अंदाजपत्रक एकमतानं मंजूर झालं.

चाचणीची गाडी एका रविवारी सकाळी पुण्याहून आली. बरोबर ड्रायव्हर, अगदी इस्त्रीच्या शर्टातला, सभ्य माणूस. त्यानं उतरल्या उतरल्या मला बजावलं, "सर, पंधरा हजार डिपॉझिट आहे. ओरखडा आला तर कापलं जाईल. बरोबर पाच वाजता मी निघणार, उद्या दुसरं बुकिंग आहे." मी म्हटलं, "आम्ही दोनच माणसं, साहेब. आमच्या घरात आवाजसुद्धा होत नाही."

हे वाक्य पुरं होतंय तोवर गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला. एक क्रुझर आली. तिच्या मागं दुसरी. तिच्या मागं पिकअप, त्यात उभे राहून आलेले लोक. सगळी पाली! पुढच्या क्रुझरमधून रामकिसन हार घेऊन उतरला.

"दाजी, ईस-पंचवीस मानसं कमीच आली बगा. शेतात कामं हायेत."

"कशाला आली?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? दाजीनं चाकाचं घर घेतलं म्हनून गावात सांगितलं. घर म्हनलं की वास्तू आली, वास्तू म्हनलं की आहेर आला. घराला कुनी रिकाम्या हातानं येतंय व्हय?"

आता याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, की बाबांनो, गाडी भाड्याची आहे, चहा घ्या आणि जा. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात पालीच्या एका वयस्कर पाव्हण्यांनी पुढं होऊन माझ्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. "सर," ते म्हणाले, "आमच्या लेकीसाठी तुमी घर घेऊन निघालाव. असला जावई पंचक्रोशीत न्हाई." मागून दहा-बारा जणींनी माना डोलावल्या. फेट्याचा वेढा कानावरून गेला आणि माझी वाचाच गेली! खरं सांगायचं तर फेटा मला शोभतो.

मग जे सुरू झालं ते थांबवणं माझ्या हातात उरलं नाही. भटजी आले. (रामकिसननं येतानाच उचलून आणले होते.) आचारी बोलावला. त्यानं विचारलं, "सर, किती पानं?" मी गल्लीत नजर टाकली, तर शेजारची गल्लीही आमच्या गल्लीत येऊन उभी होती. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी, वरणभात. 'किरकोळ'चे पाच हजार आचाऱ्याच्या पहिल्या यादीतल्या तेलापाशीच संपले.

आहेर सुरू झाला. टॉवेल, टोप्या, सुमनला साड्या, स्टीलची पातेली, आणि भिंतीवरची घड्याळं. घड्याळं मी मोजली नाहीत, पण टोले पडायला लागले तेव्हा गल्लीत देऊळ असल्यासारखं वाटलं. आहेर घ्यायचा म्हणजे उलटा आहेर करणं आलंच. मी सुमनला कोपऱ्यात घेतलं.

"अगं, ह्यांना सांगू या का, गाडी भाड्याची हाय म्हणून?"

"आता?" ती सकाळपासून राबत होती, कपाळावरचा घाम पदरानं पुसत म्हणाली. "फेटा बांधून घेताना जीभ कुठं गेलती? कपाटात साड्या हायेत, त्या काढते. टॉवेल-टोप्या बाजारातून आना."

मी बाजारातून परत येतो, तर गाडीच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर, तेवढ्यात घाटनांदूरहून येऊन पोचलेली आत्या कुंकवाचे पंजे उमटवत होती. दाराच्या दोन्ही अंगाला पाच-पाच. मध्ये शेंदराचं स्वस्तिक. ते एवढं मोठं, की महामार्गावर हेलिकॉप्टरनंसुद्धा बाजूला व्हावं!

"सर, हे निघतं का?" ड्रायव्हरनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"आरं लेकरा," आत्या म्हणाली, "शुभ हाय. कावून काढायचं?"

"आजी, डिपॉझिट..."

"त्योबी येईल. जेवून जा म्हनावं त्याला."

भटजींनी नारळ फोडायला दगड मागितला. दगड आणेपर्यंत धीर न धरवून रामकिसननं नारळ पुढच्या बंपरवर आपटला. नारळाला काही झालं नाही. बंपरला झालं.

ड्रायव्हर मट्कन खाली बसला. मी त्याच्या हातात बुंदीची वाटी दिली आणि म्हटलं, "साहेब, जे काय होईल ते मी भरून देतो." माणूस खरंच सभ्य. त्यानं एक घास घेतला. तेवढ्यात गाडीच्या आतून ठक ठक ठक असा आवाज आला.

"रामकिसन! आत काय करतोस बे?"

"घड्याळ लावायलोय, दाजी! भिंतीला चुका ठोकायलोय!"

ती भिंत नव्हती. पातळ पत्र्यामागे पाण्याची टाकी होती. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. आधी सूंऽऽ असा आवाज, मग रामकिसनची आरोळी, "दाजी, घराला झरा लागला!" आणि मग बाहेर आला तो नखशिखान्त भिजलेला मेव्हणा, हातात चालू घड्याळ. आत्यानं लगेच पुढं होऊन त्या धारेखाली तांब्या धरला. वास्तूच्या दिवशी पाणी लागणं म्हणजे केवढा शकुन! बायकांनी त्या तांब्याला हळदकुंकू वाहिलं. मी ड्रायव्हरकडे बघायचं टाळलं.

जेवणं उरकली. आता चार शब्द बोला, असा आग्रह झाला. कुणीतरी गणेशमंडळाचा माईक आणला होता. माझ्यासमोर माईक आला की मला थांबायला तास संपल्याची घंटा लागते, आणि गल्लीत घंटा नव्हती. (घड्याळं होती, पण ती आता ओसरीवर एकावर एक रचली होती.) मी गाडीकडे पाठ करून उभा राहिलो आणि प्रवासाचं महत्त्व सांगितलं. अंदाजपत्रकाचं महत्त्व सांगितलं. "माणसानं आधी खर्चाचा अंदाज घ्यावा, मग पाऊल टाकावं," असं म्हणून मी फेटा सावरत होतो, तेव्हा मागं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. पाच वाजले असावेत. टाळ्या वाजल्या त्या मला वाटलं भाषणाला वाजल्या. त्या गाडी निघाली म्हणून वाजल्या होत्या. लोकांना वाटलं, नवं घर फेरी मारायला निघालं!

मी आणखी थोडं बोललो. मग रामकिसननं माईकची वायर ओढली.

"दाजी, ताई कुठंय?"

"असंल आत, चूल आवरत."

"चुलीपाशी न्हाई. आत्या म्हनायली, ताई गाडीत जरा आंग टाकायला गेलती."

मोकळ्या गल्लीकडे मी बघितलं. माझं बारा लाखांचं स्वप्न तर भाड्याचं होतंच. पण बायको माझी स्वतःची होती!

हिला फोन लावला. तो स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी वाजला. ड्रायव्हरला लावला. त्यानं माझा नंबर बघून कापला. त्याच्या जागी मी असतो तर नंबर बदलूनच टाकला असता. शेवटी शेजाऱ्याची मोटारसायकल मागून घेतली, रामकिसनच्या मागं बसलो आणि केजच्या रस्त्याला लागलो. लोखंडी सावरगावच्या पुढं माझा फेटा सुटला. त्याचं टोक वाऱ्यावर हातभर, मग वावभर, मग पाठीमागच्या टेम्पोच्या काचेपर्यंत फडफडायला लागलं. समोरून येणारे लोक वरात समजून गाड्या बाजूला घ्यायचे आणि हात जोडायचे.

"दाजी, ताईला जाग आली असंल. एकलीच बसली असंल वो रडत," रामकिसन ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. माझाही फाटला असता, पण तोंडात फेटा होता.

केजच्या अलीकडे एका टपरीसमोर ती गाडी दिसली. लांबूनच ओळखू आली. दहा लाल पंजे आणि स्वस्तिक घेऊन फिरणारी दुसरी गाडी जिल्ह्यात नसावी. ड्रायव्हर शांतपणे चहा पीत होता. माझा अवतार बघून तो उठून उभा राहिला.

"सर, आता डिपॉझिट परत मागू नका!"

"डिपॉझिट राहू द्या हो! बायको द्या!"

दार उघडलं. फरशीवर घोटाभर पाणी. त्यात एक टॉवेल आणि दोन टोप्या तरंगत होत्या. आणि वर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून, पदर अंगावर घेऊन आमची सुमन अशी गाढ झोपली होती, की मला क्षणभर दार पुन्हा लोटून घ्यावंसं वाटलं. इतकी शांत झोपलेली मी तिला कुठंच बघितली नव्हती.

रामकिसननं हळूच हाक मारली, "तायडे."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, खाली पाण्याकडे बघितलं, आणि झोपेतच गोड हसून विचारलं, "समुद्र आला का हो?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "केज आलंय."

परत येताना आम्ही एसटीनं आलो. डिपॉझिट गेलं, वर बंपरचे आणि टाकीचे पैसे मोजून दिले. आचारी, भटजी, उलटा आहेर, माईक. माझं 'किरकोळ' आता अंदाजपत्रकातली सर्वांत लठ्ठ रक्कम झालं होतं. पण मी आनंदात होतो. बाईला झोप लागली होती! चालत्या गाडीत, खालून पाणी वाहत असताना! मी एसटीतच तिला म्हणालो, "पास झाली बघ गाडी. उद्याच दलालाला फोन करतो."

तिनं खिडकीची काच लावली. मग म्हणाली, "नका करू. पैसे राहू द्या बँकेत. गाडीत झोप लागली, म्हंजे आता मला कुठंबी लागंल. पालीच्या बाया भिशीच्या पैशातनं कोकणात चालल्यात. मंगल कवाची बोलवायलीय. तिच्यासंगं जाऊन येते." मंगल म्हणजे रामकिसनची बायको.

"आणि मी?"

"समद्या बायाच हायेत हो."

मला वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. पण मनात म्हटलं, बाईची भीती तर मोडली! ती कुणामुळं मोडली? माझ्या चाचणीमुळं. मी स्वतः तिला बसवून द्यायला स्टँडवर गेलो. खिडकीतून पाण्याची बाटली देताना मी तिथल्या कंडक्टरलासुद्धा समजावून सांगितलं, की ह्यांना परक्या जागी झोप लागत नसे, पण मी त्यावर उपाय काढला आहे.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मागं धों धों आवाज.

"ऐकू यायलाय का? समुद्र हाय! सारखा येतोय हो माघारी. एवढा मोठा, आन पायाशी आला की मांजरावानी चाटून जातोय! मंगल तर साडीसकट भिजली."

"बरं, बरं. झोप लागली का?"

"लई! तिन्ही रात्री. पडलं की सकाळच."

"परक्या गादीवर?" मी कॉलर नसलेल्या बनियनची कॉलर ताठ केली. "बघ. मी म्हणालो नव्हतो? ती गाडीतली झोप..."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "ओ, एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी मी गाडीत झोपलते, तवा तुमी कुठं होता?"

"माईकवर."

"आन पुण्याला पोरीकडं एकाच खोलीत असताव. लॉजवरबी. लग्नघरीबी."

मला काही कळेना. तेवढ्यात मागून मंगलचा खणखणीत आवाज आला, "ताई, तुमच्यानं न्हाई सांगनं व्हायचं, आना इकडं! दाजी, तुमी घोरताव! ताई म्हनायल्या, डिझेल इंजिन चालू ठेवून कुनी झोपलंय असं वाटतंय!"

"मंगल, गप की गं," सुमन म्हणाली आणि फोन पुन्हा घेतला. "तिचं मनावर घेऊ नका. मी कवा बोलले का तुमाला? घरी तुमी गच्चीवर झोपताव, मला काय तरास न्हाई. जेवून घ्या. डब्यात लाडू हायेत."

मी फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसलो. तिथं माझी गादी होती. लग्न झालं त्या उन्हाळ्यात सुमनच म्हणाली होती, "वर वारं लई छान असतं हो," आणि तेव्हापासून उन्हाळा-हिवाळा मी वर झोपतो. पावसाळ्यात तिनं माझ्यासाठी पत्र्याचं छप्परही घालून घेतलं. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत आलो, की मला उघड्या हवेची आवड आहे! तर एकंदर हिशेब असा: तीस वर्षं जिला फक्त माझ्याशेजारी झोप लागत नव्हती, तिच्या उशीपासून दीड हातावर मला दारं-खिडक्या लावून कायमचं कोंडून घेण्यासाठी मी बारा लाख रुपये मंजूर केले होते. आणि मी जमाखर्च शिकवायचो!